डून : किल्ल्याच्या छायेत नांदणारे गाव

स्कॉटलंडच्या मध्यभागी, स्टर्लिंग या ऐतिहासिक नगराच्या वायव्येस सुमारे १३ किलोमीटर अंतरावर टीथ नदीच्या काठी डून नावाचे एक लहानसे गाव आहे. लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास. गावात एक मुख्य रस्ता, त्याच्या दुतर्फा दगडी घरे, मध्यभागी जुना बाजारस्तंभ, एक चर्च, एक शाळा आणि गावाच्या टोकाला, झाडीतून वर डोकावणारा चौदाव्या शतकातील किल्ला. दक्षिणेकडील सपाट शेतजमीन संपून उत्तरेकडील डोंगराळ मुलूख जेथे सुरू होतो, त्या सीमेवर हे गाव वसलेले आहे. त्याच्या इतिहासाचा बराचसा भाग या भौगोलिक स्थानानेच ठरविला आहे.

किल्ल्यांची गावे स्कॉटलंडमध्ये पुष्कळ आहेत. डूनचे वेगळेपण त्याच्या वैभवात नाही. ते आहे त्याने सोसलेल्या स्थित्यंतरांत. राजघराण्याचा आश्रय, गुरांचा बाजार, पिस्तुलांचा कारखानदारी व्यवसाय, सूतगिरणी आणि रेल्वे अशी उपजीविकेची एकामागून एक साधने या गावास लाभली आणि एकामागून एक नाहीशी झाली. तरीही गाव उजाड झाले नाही. असे का घडले, हे पाहण्यासाठी डूनच्या इतिहासाकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे.

स्थान आणि नाव

गेलिक भाषेत ‘डून’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘गढी’ किंवा ‘तटबंदीची जागा’ असा आहे. आजचा किल्ला बांधला जाण्यापूर्वीही येथे कोणती तरी तटबंदी असावी, असे या नावावरून दिसते. टीथ नदी आणि तिला मिळणारा आर्डॉक ओढा यांच्या संगमाजवळ, दोन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या उंचवट्यावर किल्ला उभा आहे. अशा जागेचे रक्षण करणे सोपे असते आणि तेथून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटेवर नजरही ठेवता येते.

हा विचार किल्ला बांधणाऱ्यांच्याही फार पूर्वी रोमन सेनापतींनी केला होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात रोमन सैन्य उत्तर ब्रिटनमध्ये शिरले, तेव्हा त्याने येथे लाकूड व मातीच्या तटबंदीचे एक ठाणे वसविले. कालांतराने त्याच्या खुणा जमिनीत पूर्णपणे गडप झाल्या. विसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत पिकांच्या रंगातील फरकामुळे या ठाण्याची रेषाकृती प्रथम दिसून आली. बुजलेल्या खंदकात ओलावा अधिक टिकतो, त्यामुळे त्यावरील पीक अधिक काळ हिरवे राहते आणि जमिनीखालील बांधकामाचा नकाशाच जणू वर उमटतो. गावातील प्राथमिक शाळेच्या परिसरात पुढे झालेल्या उत्खननात रोमन सैनिकांच्या भट्ट्या सापडल्या. ज्या मैदानावर मुले खेळतात त्याच्याखाली दोन हजार वर्षांपूर्वीचे लष्करी ठाणे आहे, ही गोष्ट येथील शिक्षकांना इतिहासाच्या पाठासाठी आयतीच लाभली आहे.

राजप्रतिनिधीचा किल्ला

आजचा किल्ला रॉबर्ट स्टुअर्ट, ड्यूक ऑफ ऑल्बनी याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधविला. तो स्कॉटलंडचा राजा दुसरा रॉबर्ट याचा पुत्र. इ.स. १३६१ मध्ये मार्गारेट ग्रॅहम हिच्याशी झालेल्या विवाहामुळे मेंटीथ परगण्याची जहागीर त्याच्याकडे आली. वडील वृद्ध, थोरला भाऊ अपंग आणि पुतण्या अल्पवयीन, अशा परिस्थितीत १३८८ पासून १४२० मधील मृत्यूपर्यंत, मध्यंतरीचा काही काळ वगळता, राज्याची सूत्रे त्याच्याच हाती होती. मुकुट मस्तकी नसला तरी सत्ता हाती असलेल्या पुरुषाचे हे निवासस्थान होय. त्याच्या भव्यतेत ही महत्त्वाकांक्षा स्पष्ट दिसते.

१४०६ मध्ये त्याचा पुतण्या, पुढे राजा झालेला पहिला जेम्स, इंग्रजांच्या हाती सापडला आणि १८ वर्षे त्यांच्या कैदेत राहिला. त्याच्या सुटकेसाठी ऑल्बनीने फारशी घाई केली नाही, असा आक्षेप त्या काळापासून घेतला जातो. ऑल्बनीनंतर त्याचा मुलगा मर्डॉक याच्याकडे अधिकार आले. १४२४ मध्ये राजा मायदेशी परतला आणि पुढच्याच वर्षी त्याने मर्डॉक, त्याचे दोन पुत्र व सासरा यांना स्टर्लिंग येथे देहदंड दिला. डूनचा किल्ला राजाच्या ताब्यात गेला. ज्या घराण्याने तो बांधला, त्याला तो जेमतेम एक पिढी लाभला.

यानंतर सुमारे सव्वाशे वर्षे डून हे राजघराण्याचे शिकारीचे व विश्रांतीचे ठिकाण होते. विधवा राणीच्या उदरनिर्वाहासाठी जी मालमत्ता लावून दिली जाई, तिच्यातही या किल्ल्याचा समावेश असे. सोळाव्या शतकात तो स्टुअर्ट घराण्याच्या एका शाखेकडे आला. तिच्या प्रमुखास लॉर्ड डून ही पदवी मिळाली आणि पुढे ही शाखा मरे परगण्याच्या अर्लपदाशी जोडली गेली. या घराण्याकडे किल्ला जवळजवळ चार शतके राहिला.

बांधणीतील सोय आणि सावधगिरी

डूनचा किल्ला आकाराने अवाढव्य नाही. एक प्रशस्त अंगण, त्याभोवती सुमारे १२ मीटर उंचीचा भक्कम तट आणि उत्तरेकडील बाजूस एकमेकींस लागून असलेल्या इमारती, असे त्याचे साधे स्वरूप आहे. प्रवेशद्वारावरील बुरूज सुमारे ३० मीटर उंच आहे आणि त्याच्या पोटातून जाणाऱ्या बोळकांडीवजा मार्गानेच आत प्रवेश मिळतो. या बुरुजात मालकाचे खाजगी दालन व निवासस्थान होते. याच्या शेजारी मोठे दरबारी दालन आणि त्यापलीकडे मुदपाकखान्याचा स्वतंत्र बुरूज आहे.

या रचनेमागील हेतू समजून घेण्यासारखा आहे. मालकाच्या दालनाचा जिना आणि मोठ्या दालनाचा जिना अंगणातून वेगवेगळा चढतो. किल्ल्यातील शिबंदी फितूर झाली, तरी मालकास आपला बुरूज बंद करून स्वतःचे रक्षण करता यावे, असा यामागे उद्देश असल्याचे पूर्वी मानले जाई. अलीकडचे अभ्यासक मात्र त्यात मानमरातब व खाजगीपणा यांची गरज अधिक पाहतात. मुदपाकखान्यातील चुलाणाची कमान सुमारे साडेपाच मीटर रुंद आहे. अख्खे जनावर भाजता येईल एवढी ती मोठी आहे. तयार अन्न मोठ्या दालनात देण्यासाठी भिंतीत खिडकीवजा जागा ठेवलेल्या आहेत. शेकडो माणसांच्या पंगतीची ही व्यवस्था पाहिली, म्हणजे मध्ययुगीन सत्ताधीशाच्या घरी स्वयंपाकघर हेही राज्यकारभाराचे एक अंग होते, हे ध्यानी येते.

दक्षिणेकडील तटात मोठ्या खिडक्या आहेत. परंतु त्यांच्यामागे इमारत नाही. भिंतीच्या कडेला पुढे जोडकाम करण्यासाठी सोडलेले दगडांचे दातेही दिसतात. आणखी इमारती बांधण्याचा मूळ बेत होता, पण तो सिद्धीस गेला नाही, असा याचा अर्थ लावला जातो. मात्र नंतरच्या काळात या किल्ल्यात फारसे फेरफार झाले नाहीत. त्यामुळे चौदाव्या शतकातील मोठ्या घराची मांडणी जशी होती तशी पाहावयास मिळते, हे या वास्तूचे अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत मोठे मूल्य होय.

तुरुंगातून पलायन

१७४५ मध्ये स्टुअर्ट घराण्याचा वारस चार्ल्स एडवर्ड याने ब्रिटनचे सिंहासन परत मिळविण्यासाठी उठाव केला. त्याच्या पक्षाच्या लोकांना जॅकोबाइट म्हणत. त्यांनी डूनचा किल्ला ताब्यात घेऊन त्याचा तुरुंग म्हणून उपयोग केला. जानेवारी १७४६ मध्ये फॉलकर्क येथील लढाईत सरकारी पक्षाचे जे लोक पकडले गेले, त्यांपैकी काहींना येथे वरच्या मजल्यावर कोंडून ठेवण्यात आले. त्यांत जॉन होम हा तरुण धर्मोपदेशक होता. त्याने व त्याच्या सोबत्यांनी अंथरुणाची वस्त्रे एकमेकांस गाठी मारून दोर तयार केला आणि रात्री तटावरून उतरून पलायन केले. हा होम पुढे नाटककार म्हणून प्रसिद्धीस आला.

याच कैद्यांमध्ये जॉन विदरस्पून हाही एक होता. १७६८ मध्ये तो अमेरिकेस गेला, प्रिन्स्टन येथील महाविद्यालयाचा प्रमुख झाला आणि १७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत त्याचा समावेश झाला. ब्रिटिश राजाच्या बाजूने उभा राहिल्यामुळे डून येथे कैद भोगणारा माणूस तीस वर्षांनी त्याच घराण्याच्या राजाविरुद्धच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करतो, हा इतिहासाचा एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल. सर वॉल्टर स्कॉट यांनी १८१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेव्हर्ली’ या कादंबरीत डूनच्या किल्ल्यास स्थान दिले आणि तेव्हापासून प्रवाशांची पावले या गावाकडे वळू लागली.

शिंप्याने बांधलेला पूल

गावाच्या दक्षिणेस टीथ नदीवर १५३५ मध्ये बांधलेला दगडी पूल आहे. तो कोणा सरदाराने बांधलेला नाही. राजा चौथा जेम्स याची राणी मार्गारेट हिचा शिंपी रॉबर्ट स्पिटल याने तो स्वखर्चाने बांधला. नदी पार करण्यासाठी तो नावेजवळ आला असता जवळ पैसे नसल्यामुळे नावाड्याने त्यास पलीकडे नेण्यास नकार दिला. तेव्हा कोणावरही पुन्हा अशी पाळी येऊ नये म्हणून त्याने पूलच बांधला, अशी कथा गावात सांगितली जाते. कथेत तथ्य किती, हा प्रश्न वेगळा. परंतु पुलावरील शिलापट्टावर शिंप्याची कात्री कोरलेली आहे. एकोणिसाव्या शतकात पूल रुंद करण्यात आला आणि तो आजही वाहतुकीस उपयोगी पडतो. लोकोपयोगी कामाचे आयुष्य ते करविणाऱ्याच्या पदावर अवलंबून नसते, याची साक्ष हा पूल पाच शतके देत आहे.

पिस्तुले आणि गुरांचे बाजार

१६११ मध्ये डूनला बाजारपेठेचे हक्क असलेल्या गावाचा दर्जा प्राप्त झाला. उत्तरेकडील डोंगराळ भागातील लोक आपली काळी गुरे दक्षिणेकडे विक्रीसाठी हाकीत आणीत. त्या वाटेवर डून असल्यामुळे येथे गुरांचे मोठे बाजार भरत. अशा प्रवासात लुटारूंचे भय असे आणि गुरे हाकणाऱ्यांना शस्त्राची गरज भासे. या गरजेतूनच डूनचा सर्वांत प्रसिद्ध व्यवसाय उदयास आला.

१६४६ मध्ये टॉमस कॅडेल नावाचा लोहार येथे येऊन स्थायिक झाला. त्याने पिस्तुले बनविण्यास आरंभ केला आणि अल्पावधीत या कलेत असामान्य कौशल्य मिळविले. इतर ठिकाणी पिस्तुलाची मूठ लाकडाची असे. डूनची पिस्तुले मात्र मुठीसह संपूर्ण धातूची असत. मुठीचे टोक मेंढ्याच्या शिंगांप्रमाणे वळविलेले असे आणि पृष्ठभागावर चांदीचे नाजूक जडावकाम केलेले असे. कॅडेल घराण्याच्या अनेक पिढ्यांनी हा धंदा केला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कॅम्पबेल, मर्डॉक, क्रिस्टी आदी कारागिरांनी स्वतंत्र दुकाने थाटली. युरोपातील सरदार डूनची पिस्तुले मागवीत. १७७५ मध्ये लेक्सिंग्टन येथे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी डूनच्या पिस्तुलातून सुटली, अशीही एक आख्यायिका आहे.

हा व्यवसाय अठराव्या शतकाच्या अखेरीस लयास गेला. १७४६ च्या उठावाच्या पराभवानंतर डोंगराळ भागातील लोकांना शस्त्रे बाळगण्यास कायद्याने अधिक कडक बंदी करण्यात आली. मुलखात शांतता नांदू लागली आणि शस्त्राची नित्याची गरज उरली नाही. लष्करी अधिकाऱ्यांची गरज बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतील स्वस्त माल भागवू लागला. पुढे रेल्वे आल्यावर गुरे पायी हाकण्याची प्रथाही संपली आणि बाजारांचे महत्त्व ओसरले. आज डूनची पिस्तुले वस्तुसंग्रहालयांतून पाहावयास मिळतात आणि एकमेकांवर तिरपी ठेवलेली पिस्तुलांची जोडी तेवढी गावाच्या चिन्हात उरली आहे.

डीनस्टनची गिरणी आणि मुंबईशी नाते

पिस्तुलांचा धंदा मावळत असतानाच नदीपलीकडे नवे युग उगवत होते. १७८५ मध्ये गावापासून अवघ्या दीड किलोमीटरवर डीनस्टन येथे टीथ नदीच्या प्रवाहावर चालणारी सूतगिरणी उभी राहिली. बंधारा घालून पाणी कालव्याने गिरणीपर्यंत आणण्यात आले. पुढे बसविलेल्या प्रचंड पाणचक्क्यांपैकी एकीचा व्यास सुमारे ३६ फूट होता. तिला कामगारांनी ‘हर्क्युलिस’ असे नाव दिले होते. कामगारांसाठी घरे व शाळा बांधून एक नवे गावच वसविण्यात आले.

१८०८ मध्ये ही गिरणी ग्लासगोच्या जेम्स फिन्ले अँड कंपनीने घेतली. या कंपनीचा प्रमुख कर्कमन फिन्ले याने ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारी मक्तेदारीविरुद्ध मोठी चळवळ केली. १८१३ मध्ये हिंदुस्थानच्या व्यापारावरील ही मक्तेदारी रद्द झाली आणि १८१६ मध्ये फिन्लेने आपले जहाज क्लाइड नदीतून थेट मुंबईस पाठविले. पुढील काळात याच कंपनीने मुंबईच्या गिरणी उद्योगात प्रवेश केला. परळ भागातील फिन्ले मिलचे नाव मुंबईच्या जुन्या गिरणी कामगारांना चांगले परिचित आहे आणि अमरावती जिल्ह्यातील अचलपूर येथील गिरणीलाही पुढे हेच नाव मिळाले. टीथच्या काठावरील एका लहान गावाचा संबंध अशा रीतीने महाराष्ट्राच्या कापूस पिकविणाऱ्या आणि सूत कातणाऱ्या प्रदेशाशी येऊन पोहोचतो. या संबंधाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. मक्तेदारी उठल्यानंतर ब्रिटनच्या गिरण्यांचा माल हिंदुस्थानात वाढत्या प्रमाणात येऊ लागला आणि त्याचा फटका येथील हातमाग विणकरांना बसला.

शेतीला वळण देणारा व्यवस्थापक

डीनस्टनच्या गिरणीचा व्यवस्थापक जेम्स स्मिथ याचे नाव शेतीच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. जन्म १७८९ चा. वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी त्याने गिरणीची जबाबदारी स्वीकारली. गिरणीस लागून असलेली सुमारे २०० एकर जमीन १८२३ मध्ये त्याच्या ताब्यात आली. ती पाणथळ, दगडगोट्यांनी भरलेली आणि लव्हाळ्याने व्यापलेली होती.

स्मिथने या जमिनीत उताराच्या दिशेने एकमेकांस समांतर असे चर ठराविक अंतरावर खणले. सुमारे अडीच फूट खोलीच्या या चरांत फोडलेले दगड भरून वर पुन्हा माती पसरली. पूर्वी केवळ जेथे पाणी साचलेले दिसे तेथेच चर खणीत. संपूर्ण शेताचा समान निचरा केला पाहिजे, हा स्मिथचा विचार नवा होता. दुसरी सुधारणा नांगराची. त्याने तयार केलेला नांगर खालचा कठीण थर जागच्या जागी फोडी, परंतु ती निकृष्ट माती वर आणीत नसे. त्यामुळे पाणी खाली मुरून चरांना मिळे, हवा खेळती राही आणि मुळे खोलवर जात. काही वर्षांतच पाणथळ रान उत्तम शेतजमिनीत बदलले. १८३१ मध्ये स्मिथने आपला अनुभव पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केला आणि दूरदूरचे शेतकरी डीनस्टनचे शेत पाहण्यास येऊ लागले. सविस्तर प्रयोग, त्याची नोंद आणि ते ज्ञान सर्वांसाठी खुले करणे, हा स्मिथचा क्रम कृषिविस्ताराच्या कार्यकर्त्यांना आजही अनुकरणीय वाटेल. गिरणीच्या बंधाऱ्यामुळे साल्मन माशांची वाट अडली, तेव्हा त्यांना पायरीपायरीने वर चढता यावे म्हणून त्याने तेथे मत्स्यसोपानही बांधला.

१९६५ : कसोटीचे वर्ष

डूनच्या आधुनिक इतिहासात १९६५ हे वर्ष कठीण ठरले. त्या वर्षी १८० वर्षे चाललेली डीनस्टनची गिरणी बंद झाली आणि १८५८ पासून गावास डनब्लेनशी जोडणारी रेल्वेही बंद पडली. रोजगार आणि दळणवळण, दोन्हींवर एकाच वेळी घाला आला. अशा वेळी लहान गावे बहुधा ओस पडतात.

गिरणीच्या बाबतीत मार्ग निघाला तो पाण्यामुळे. टीथचे शुद्ध पाणी, तयार कालवा आणि जाड दगडी भिंतींच्या थंड इमारती यांचा विचार करून त्या जागेचे मद्यनिर्मितीच्या कारखान्यात रूपांतर करण्यात आले. सूत विणले जाई त्या कमानदार दालनाचा उपयोग पिंपे साठविण्यासाठी होऊ लागला. गिरणीच्या जुन्या कारागिरांपैकी काहींना तेथे काम मिळाले. नदीच्या प्रवाहावर पूर्वी पाणचक्क्या फिरत; आता त्याच पाण्यावर टर्बाइन फिरून कारखान्याची वीज तयार होते. इमारत न पाडता तिचा नवा उपयोग शोधणे हे आर्थिक दृष्ट्याही शहाणपणाचे ठरते, याचे हे उदाहरण आहे. बंद पडलेल्या लोहमार्गाच्या काही भागावरून आता पादचारी आणि सायकलस्वार जातात.

किल्ल्याचे जतन

किल्ल्याची स्थितीही एके काळी चिंताजनक होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याची छपरे कोसळली होती. मरे घराण्याच्या चौदाव्या अर्लने १८८३ ते १८८६ या काळात दुरुस्तीचे मोठे काम हाती घेतले. दालनांवर नवी लाकडी छपरे चढविली गेली आणि मालकाच्या दालनास नवे लाकडी काम लाभले. छप्पर शाबूत असणे हा कोणत्याही जुन्या वास्तूच्या जतनाचा पहिला नियम होय. कारण छप्पर गेले की भिंतींच्या माथ्यातून पाणी आत शिरते आणि उरलेले काम पाऊस व बर्फ करतात. १९८४ मध्ये अर्लच्या घराण्याने किल्ला शासनाच्या स्वाधीन केला. आज त्याची व्यवस्था २०१५ मध्ये स्थापन झालेल्या ‘हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड’ या सार्वजनिक संस्थेकडे आहे.

जतनाचे काम एकदा करून संपत नाही. पूर्वीच्या काळात अनेक ठिकाणी जुन्या दगडी भिंतींचे सांधे सिमेंटने भरले गेले. सिमेंट पाणी बाहेर जाऊ देत नाही. ते पाणी मऊ दगडात अडकते, थंडीत गोठून फुगते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून आता चुन्याचाच वापर केला जातो. वाढत्या पर्जन्यमानामुळे उंचावरील दगड निसटण्याचा धोका लक्षात घेऊन या संस्थेने २०२१ पासून स्कॉटलंडमधील अनेक स्मारके तपासणीसाठी पूर्णतः किंवा अंशतः बंद ठेवली. प्रवाशांचे उत्पन्न बुडाले तरी सुरक्षितता आणि वास्तूचे आयुष्य यांस अग्रक्रम देण्यात आला. हा निर्णय अनेक गावांना जड गेला; परंतु त्याची अपरिहार्यता बहुतेकांनी मान्य केली.

चित्रपट आणि प्रवासी

किल्ल्याला नवी कीर्ती मिळाली ती चित्रपटामुळे. १९७४ मध्ये ‘माँटी पायथन’ या विनोदी कलावंतांच्या मंडळीला आपल्या चित्रपटासाठी किल्ले हवे होते. अन्य किल्ल्यांत चित्रीकरणास दिलेली परवानगी ऐनवेळी मागे घेण्यात आली. डूनचा किल्ला त्या वेळी खाजगी मालकीचा होता व तेथे परवानगी मिळाली. मग एकाच किल्ल्याचे निरनिराळ्या कोनांतून चित्रीकरण करून अनेक किल्ले भासविण्यात आले. त्या चित्रपटात घोड्यांऐवजी नारळाच्या करवंट्या वाजवून टापांचा आवाज काढला आहे. त्यामुळे किल्ल्यात येणारे प्रवासी आजही करवंट्या वाजविताना दिसतात. २०१४ पासून ‘आउटलँडर’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे प्रवाशांची संख्या आणखी पुष्कळ वाढली.

या वाढीबरोबर अरुंद रस्ते आणि वाहने उभी करण्यास अपुरी जागा हे प्रश्नही आले. येथे गावाची संस्थात्मक व्यवस्था उपयोगी पडते. १९७३ च्या स्थानिक स्वराज्य कायद्यान्वये स्कॉटलंडमध्ये ‘कम्युनिटी कौन्सिल’ या ग्रामपातळीवरील परिषदा अस्तित्वात आल्या. डूनचा समावेश किल्मॅडॉक परिषदेच्या क्षेत्रात होतो. या परिषदांना कर बसविण्याचा अधिकार नाही आणि सदस्यांना वेतनही नाही. मात्र बांधकामाच्या परवानग्यांबाबत त्यांचे मत विचारले जाण्याचा त्यांना हक्क आहे. अधिकार मर्यादित असले तरी गावाचे म्हणणे लेखी आणि वेळेवर मांडण्याचे हे व्यासपीठ आहे.

लाल घारींचे पुनरागमन

डूनजवळील अर्गटी येथील शेतावर आणखी एक लक्षणीय काम झाले आहे. शेतकरी व शिकारी यांनी केलेल्या संहारामुळे लाल घार हा पक्षी एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधून नाहीसा झाला होता. १९९६ ते २००१ या काळात मध्य स्कॉटलंडमध्ये या पक्ष्यांची पिल्ले आणून सोडण्यात आली आणि त्यांनी अर्गटीच्या परिसरात घरटी केली. शेताच्या मालकांनी २००३ पासून प्रवाशांना त्या पाहण्याची सोय केली. २०२१ मध्ये याच शेतावर बीव्हर हे पाणथळ जागी राहणारे प्राणीही सोडण्यात आले. ज्या पक्ष्याला शेतीचा शत्रू समजून मारले जाई, तोच आता शेतास पूरक उत्पन्न मिळवून देत आहे. गावालगत वाळू व खडी काढून झालेल्या खड्ड्यांचे तळ्यांत रूपांतर झाले असून तेथेही निसर्गभ्रमणाची सोय आहे.

उपसंहार

डूनच्या इतिहासात चमत्कार नाहीत. शस्त्रांची मागणी संपली, गुरांची वाट बदलली, गिरणी थांबली आणि रेल्वेचे रूळ उखडले गेले. यांपैकी काहीही रोखणे या गावाच्या हाती नव्हते. हाती होते ते एवढेच की, उरलेले मोडू न देणे. छप्पर वेळेवर घातले गेले म्हणून किल्ला टिकला. कालवा बुजविला नाही म्हणून पाण्याची शक्ती पुन्हा उपयोगी आली. पूल रुंद केला, पण पाडला नाही. दोन हजार वस्तीच्या गावाने सहा शतकांचा वारसा सांभाळला तो मोठ्या घोषणांनी नव्हे, तर अशा लहान लहान निर्णयांनी. आज संध्याकाळी टीथच्या पुलावर उभे राहिले, तर एका बाजूस जुन्या गिरणीच्या इमारती आणि दुसऱ्या बाजूस झाडीवर उभा असलेला बुरूज दिसतो आणि पायाखाली, शिंप्याच्या कात्रीचे चिन्ह मिरविणाऱ्या पुलाखालून, नदी पूर्वीसारखीच वाहत असते.